षड्जपंचमाचा आधार आणि गिटारवरील स्वरसंघांची निवड : झाडीपट्टी व मुंबई यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. विषय आणि त्याची मर्यादा

गिटार हाती घेऊन रॉक गीत रचणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की कोणत्या स्वरसंघानंतर कोणता स्वरसंघ ठेवावयाचा. तीन वा अधिक स्वर एकाच वेळी उमटविले असता जो समूह होतो, त्यास प्रस्तुत लेखात 'स्वरसंघ' ही संज्ञा योजिली आहे. वादकमंडळी त्यालाच 'कॉर्ड' म्हणतात. वरवर पाहता हा प्रश्न केवळ हस्तकौशल्याचा आहे व त्याचे उत्तर गिटारशिक्षकाने द्यावयाचे आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग महाराष्ट्रात व गोव्यात घडलेला आहे.

रॉक संगीत हे आपल्या देशी गायनापासून सर्वांत दूरचे, तर पेटी ही घरची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्वरसंघांच्या निवडीपुरते बोलावयाचे तर ही समजूत उलट करून पाहिली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. रॉकचा मूळ स्वरसंघ आपल्या तंबोऱ्याच्या आधाराशी नाते सांगतो. उलट पेटीच्या वंशातील आजचा सिंथेसायझर तयार त्रिस्वरी संघ हाताशी देऊन देशी चालींचे रूप नकळत पालटून टाकू शकतो. भंडारा जिल्ह्यासारख्या, जेथे दंडार व खडी गंमत यांच्या चाली अद्याप कंठोकंठी चालत आल्या आहेत, अशा प्रदेशाच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. त्या चाली पुढील पिढीच्या हाती कोणत्या रूपात पडतील, हे त्यावर अवलंबून आहे.

२. झाडीपट्टीतील आधारस्वर

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. तत्पूर्वी तलावांचा व धानाचा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत अथवा नाटक होते. या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांतूनच पुढे झाडीपट्टीची व्यावसायिक रंगभूमी वाढली.

दंडार व खडी गंमत यांच्या गायनाची मांडणी साधी आहे. एक मुख्य गायक, त्याच्या मागे शेवटचा चरण उचलून धरणारे साथीदार, ढोलकी, टाळ आणि तुणतुण्यासारखे एकतारी वाद्य. तुणतुण्याला एकच तार असते आणि ती एकच स्वर सतत देत राहते. लय राखणे आणि षड्जाची आठवण ठेवणे ही दोन्ही कामे ती एक तार करते. चालीतला प्रत्येक स्वर त्या एका स्वराशी ताडून पाहिला जातो. गंधार कोमल असो वा शुद्ध, तुणतुणे त्याविषयी काहीच मत देत नाही. तो निर्णय सर्वस्वी गायकाच्या गळ्याचा असतो.

हीच गोष्ट बैठकीच्या गायनात तंबोरा करतो. पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज अशा चार तारांच्या नादात गंधार वाजविला जात नाही. जोडातील उपस्वरांतून तो मंद ऐकू येतो हे खरे, परंतु वादक तो छेडीत नाही. गंधार हाच स्वर स्वरसंघाला 'मेजर' वा 'मायनर' हे रूप देतो, म्हणजेच तो प्रसन्न की विषण्ण हे ठरवितो. तो मोकळा ठेवल्यामुळेच एकाच तंबोऱ्यावर भूप आणि भैरवी दोन्ही गाता येतात. आधाराचे हे मौन ही आपल्या संगीतातील उणीव नसून ती एक निश्चित व्यवस्था आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

३. पेटीचा प्रवेश

एकाच वेळी अनेक स्वर वाजविण्याची सोय आपल्या गायकांच्या हाताशी प्रथम आली ती पेटीच्या रूपाने. अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ मध्ये पॅरिस येथे हार्मोनियमचे स्वामित्व नोंदविले. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता ओढण्याचे, जमिनीवर बसून वाजविता येईल असे रूप दिले. मराठी संगीत नाटकाने पेटी व तिचे पायाने चालणारे मोठे भावंड, म्हणजे ऑर्गन, या दोहोंचा मनःपूर्वक स्वीकार केला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली; १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच. झाडीपट्टीच्या नाटकांतही रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवादक हा प्रयोगाचा आधारस्तंभ झाला.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. पेटीवर तीन पट्ट्या एकाच वेळी दाबणे हे अत्यंत सोपे काम. तरीसुद्धा आपल्या वादकांनी स्वरसंघांच्या क्रमाने साथ करण्याची प्रथा पाडली नाही. त्यांनी पेटीचा उपयोग गळ्याची सावली म्हणून केला. गायक जेथे जाईल तेथे बोटे गेली, आणि षड्जपंचमाच्या पट्ट्या आधार म्हणून दाबून ठेवल्या गेल्या. म्हणजे साधन पाश्चात्त्य, पण व्यवस्था तंबोऱ्याचीच राहिली.

पेटीवर जो आक्षेप आला तोही स्वरसंघांचा नव्हता. तो तिच्या स्वरस्थानांचा व मींड न निघण्याचा होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींना अनुसरणारी पेटी घडविण्याचा प्रयत्न केला. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. या वादात ज्या मुद्द्याची चर्चा सर्वांत अधिक झाली तो असा, की पेटीचा गंधार खरा नाही. समविभाजित सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर असतो. नैसर्गिक गंधाराचे अंतर सुमारे ३८६ सेंट. हा चौदा सेंटांचा फरक केवळ कानाच्या लाडाचा प्रश्न नाही, हे रॉकच्या संदर्भात पुढे दिसेल.

४. गोव्याची वाट

स्वरसंघांची निवड हे एक स्वतंत्र कौशल्य म्हणून आपल्याकडे आले ते गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, व्हायोलिन वाजविणे आणि समूहात निरनिराळ्या स्वररेषा गाणे शिकविले जाई. गोव्याच्या मांडो या गीतप्रकारात दुसरा आवाज मुख्य चालीबरोबर बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतराने चालतो. ही सवय त्या शिक्षणाचे फळ होय. या शिक्षणाने तयार झालेले गोमंतकीय वादक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत आणि नंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठ्या संख्येने दाखल झाले.

याच सुमारास मराठी संगीतकारही नव्या वाद्यमेळाकडे वळत होते. पुणतांब्यास जन्मलेले चितळकर रामचंद्र यांनी १९४७ च्या 'शहनाई' व १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटांत पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या धर्तीची गीते दिली. 'अलबेला'त ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. १९५७ च्या 'आशा' चित्रपटासाठी रामचंद्रांनी केलेले 'ईना मीना डीका' हे हिंदी चित्रपटातील रॉक अँड रोलच्या आरंभीच्या गीतांपैकी एक मानले जाते.

या कारखान्यातील श्रमविभागणी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चाल संगीतकार बांधी. ती पेटीवर ऐकून तिच्याखाली कोणते स्वरसंघ घालावयाचे, व्हायोलिनांनी कोणती प्रतिचाल वाजवावयाची, हे संयोजक ठरवी. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन दीर्घकाळ करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे या कामातील श्रेष्ठ नाव होय. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना करून रागाधारित रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून दाखविल्या.

तात्पर्य, मुंबईत चाल आधी आणि स्वरसंघ नंतर हा क्रम रूढ झाला. संयोजकाला प्रत्येक वेळी एकच प्रश्न सोडवावा लागे : ही चाल आपला स्वभाव न सोडता कोणते स्वरसंघ सहन करील? ज्या संयोजकांनी चालीच्या प्रत्येक स्वराखाली नवा संघ न ठेवता तिच्या विश्रांतिस्थानी, म्हणजे न्यासस्वरावर, तो ठेविला त्यांचे काम टिकून राहिले. हा धडा रॉक गीत लिहिणाऱ्यालाही उपयोगी आहे.

५. रॉकचा उलटा क्रम

रॉक संगीतात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. प्रथम गिटारवर स्वरसंघांची माळ वाजविली जाते आणि तिच्यावर चाल सुचते. या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील निग्रो समाजाच्या 'ब्लूज' गीतांत आहे. ब्लूजचा बारा खंडांचा साचा सर्वपरिचित आहे. षड्जावरील संघ चार खंड, मध्यमावरील दोन, पुन्हा षड्जावरील दोन, मग पंचमावरील एक, मध्यमावरील एक आणि अखेर षड्जावरील दोन. प्रत्येक खंडात चार मात्रा धरल्या तर अठ्ठेचाळीस मात्रांचे हे आवर्तन होते. १९५४ चे 'रॉक अराउंड द क्लॉक' आणि १९५८ चे 'जॉनी बी. गुड' ही दोन्ही गीते याच साच्यावर उभी आहेत.

परंतु ब्लूजचा गायक त्या संघांत विरघळून जात नाही. खाली षड्जाच्या संघात शुद्ध गंधार वाजत असता तो वर कोमल गंधार, किंबहुना कोमल व शुद्ध यांच्यामधला एक हलता गंधार गातो. आफ्रिकेतून आलेली गायनाची सवय आणि युरोपातून आलेले स्वरसंघ यांच्या भेटीतून हा ताण उत्पन्न झाला. तो मिटविला गेला नाही, तर तोच रसाचा विषय झाला. आपल्यापुढे जो प्रश्न आहे तोच निराळ्या परिस्थितीत त्या समाजापुढे होता, हे येथे दिसते.

महाराष्ट्रात हे संगीत लवकरच पोहोचले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत असलेल्या फारुख बलसारा या पारशी मुलाने १९५८ च्या सुमारास सोबत्यांसह 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. तो स्वतः पियानो वाजवीत असे. पुढे हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला ठाऊक झाला. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत 'जेट्स', 'सॅव्हेजेस', 'कंबस्टिबल्स' यांसारखे गट उदयास आले आणि १९७० व १९७१ मध्ये 'सिमला बीट' या स्पर्धेतील गटांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९८४ मध्ये स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा गट पुढे 'इंडस क्रीड' झाला. या मंडळींची गीते बहुतेक इंग्रजी होती. शब्दांबरोबर स्वरसंघांचे तयार क्रमही येत, त्यामुळे देशी चालीशी झगडण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच आला.

६. पाहुणे आणि तंबोरा

गंमत अशी, की ज्या वर्षांत मुंबईचे तरुण विलायती क्रम गिरवीत होते, त्याच वर्षांत विलायतेतील अग्रगण्य वादक स्वरसंघांचा क्रमच सोडून देण्याच्या मार्गावर होते. १९६६ मध्ये बीटल्स मंडळींनी 'टुमॉरो नेव्हर नोज' हे गीत तंबोऱ्याच्या नादावर जवळजवळ एकाच स्वरसंघात रचले. त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे शिकण्यासाठी मुंबईस आले. जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी मुंबईच्या एच. एम. व्ही. ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांकडून 'वंडरवॉल' चित्रपटाचे संगीत वाजवून घेतले. 'द इनर लाइट' या गीताची वाद्यसाथही तेथेच मुद्रित झाली. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन' गटाचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईच्या वादकांसह आपली 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही दोन गीते पुन्हा मुद्रित केली. ती २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशात आली. 'फ्रेंड्स'साठी पेज यांनी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा निराळ्या जुळविल्या होत्या, जेणेकरून काही तारा न दाबता षड्जपंचमाचा आधार देत राहाव्यात.

या भेटींना निव्वळ परदेशाचे कुतूहल म्हणून बाजूला सारता येणार नाही. रॉकच्या अंगात तत्पूर्वीच असे काही होते, की ज्यामुळे त्याला तंबोऱ्याचा आधार परका वाटला नाही.

७. गंधाररहित स्वरसंघ

ते 'काही' म्हणजे रॉकचा पायाभूत स्वरसंघ. त्यास वादक 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. त्यात षड्ज, पंचम आणि बहुधा वरचा षड्ज एवढेच स्वर असतात, गंधार नसतो. लिंक रे यांच्या १९५८ मधील 'रंबल'मध्ये आणि १९६४ मध्ये 'किंक्स' गटाच्या 'यू रिअली गॉट मी'मध्ये हा संघ ठळकपणे ऐकू येतो.

गंधार गाळण्याचे कारण सौंदर्यविषयक असण्यापूर्वी भौतिक आहे. गिटारचे पडदे पेटीप्रमाणेच समविभाजित सप्तकाचे असतात. काळी-पांढरीच्या हिशेबाने मधला षड्ज सेकंदाला सुमारे २६१.६ कंपनांचा धरला, तर त्याचा पाचवा उपस्वर १३०८ कंपनांवर येतो. समविभाजित गंधाराचा चौथा उपस्वर येतो १३१८ च्या वर. म्हणजे या दोहोंत सेकंदाला सुमारे दहा आंदोलने उठतात. पंचमाच्या बाबतीत हा फरक सेकंदाला एकाहून कमी पडतो, कारण समविभाजित पंचम नैसर्गिक पंचमापासून अवघा दोन सेंट दूर आहे. साध्या गिटारवर दहा आंदोलने खपून जातात. परंतु रॉकवादक ध्वनिवर्धकाकडून नाद मुद्दाम फाटवून घेतो. अशा वेळी सारे उपस्वर उफाळून येतात, स्वरांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात आणि गंधारयुक्त संघ खरखरीत चिखल होऊन बसतो. षड्जपंचमाचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीचा स्वर नेमका खालच्या सप्तकातील षड्जच येतो. म्हणून हा संघ वाजविला की खर्ज आपोआप भरून येतो.

पेटीच्या गंधारावर श्रुतिवाद्यांनी जो आक्षेप घेतला होता, त्याची ही दुसरी बाजू होय. रॉकवादकाने ग्रंथ न वाचता तोच गंधार हाताने गाळून टाकला. फळ असे झाले, की त्याचा आधारही तंबोऱ्यासारखाच गंधाराविषयी मौन पाळू लागला आणि गायकाला दोन्ही गंधार मोकळे राहिले.

८. थाटांवरून निवड

तथापि प्रत्येक गीत केवळ षड्जपंचमावर उभे राहत नाही. गंधारयुक्त संघ घ्यावयाचे झाल्यास ते कोणते घ्यावेत? येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेली दहा थाटांची मांडणी विद्यार्थ्याला चांगली वाट दाखविते. भातखंड्यांनी थाट केले ते रागांच्या वर्गीकरणासाठी. स्वरसंघ हा त्यांचा विषय नव्हता. तरीही एखाद्या थाटाच्या सात स्वरांतून एकाआड एक स्वर उचलले असता त्या थाटाचे स्वतःचे संघ मिळतात, आणि रॉकमधील कित्येक रूढ क्रमांचा उलगडा होतो.

बिलावल थाटात षड्ज, मध्यम व पंचम या तिन्ही स्वरांवर प्रसन्न संघ मिळतात; ब्लूजचा साचा यांच्याच आधाराने उभा आहे. खमाज थाटात निषाद कोमल होताच पंचमावरील संघ विषण्ण होतो, पण कोमल निषादावर निषाद-ऋषभ-मध्यम असा एक भक्कम प्रसन्न संघ नव्याने मिळतो. षड्ज, कोमल निषाद, मध्यम हा जो क्रम रॉकमध्ये वारंवार ऐकू येतो, तो या थाटाचा. काफी थाटात षड्जावरील संघ विषण्ण आणि मध्यमावरील प्रसन्न असतो. या दोहोंमध्ये झोके घेत राहणे हेच १९७० च्या, कार्लोस सांताना यांनी वाजविलेल्या 'ओये कोमो वा'चे सारे अधिष्ठान आहे. आसावरी थाटात षड्जावरून कोमल निषादावर आणि तेथून कोमल धैवतावर उतरता येते. बॉब डिलन यांचे १९६७ चे आणि पुढील वर्षी जिमी हेंड्रिक्स यांनी गाजविलेले 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे गीत याच पायऱ्यांवर फिरत राहते. भैरवी थाटात पंचमावरील संघ दुबळा पडतो, कारण त्याचा पंचम म्हणजे ऋषभ तेथे कोमल आहे. उलट त्या कोमल ऋषभावरचाच संघ बलवान होतो. म्हणून भैरवीच्या चालीत पंचमावरून षड्जावर येण्याची पाश्चात्त्य सवय सोडून कोमल ऋषभावरून षड्जावर उतरावे.

थाट मात्र राग नव्हे, ही मर्यादा विसरता कामा नये. भूपाचे उदाहरण घ्या. त्यात षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम व धैवत असे पाचच स्वर. या पाचांतून पूर्ण त्रिस्वरी संघ दोनच निघतात : षड्ज-गंधार-पंचम आणि धैवत-षड्ज-गंधार. भूपातील चालीत धैवतावर थांबताना जर गिटारवादकाने बिलावलच्या सवयीने मध्यमावरील संघ लावला, तर गायकाने जो स्वर वर्ज्य केला तोच वादकाने श्रोत्याच्या कानात घातला असे होते. चालीतील एकही स्वर बदललेला नसतो, आणि तरीही भूप राहिलेला नसतो. स्वरसंघाची चूक ही अशी असते. ती गळ्यात सापडत नाही, म्हणून तिची दखलही कोणी घेत नाही.

९. झाडीपट्टीपुढील प्रश्न

आता आपण पुन्हा मंडईच्या रात्रीकडे येऊ. ऑर्गनच्या जागी सिंथेसायझर आला आहे आणि ढोलकीच्या शेजारी विजेवर चालणारे तालवाद्य. या बदलाबद्दल खंत करण्याचे कारण नाही. ऑर्गनही एके काळी परकाच होता. परंतु ऑर्गनवादक गळ्याची सावली धरून चाले. सिंथेसायझरमध्ये मात्र एका बोटाच्या इशाऱ्यावर पूर्ण त्रिस्वरी संघ व त्याच्या जोडीला तयार लय वाजविण्याची सोय असते. ही सोय बिलावलच्या तीन प्रसन्न संघांकडे झुकणाऱ्या संगीतासाठी घडविलेली आहे. दंडारीची चाल जर काफीच्या वळणाची असेल आणि तिच्या मुळाशी शुद्ध गंधाराचा संघ सतत वाजत राहिला, तर तरुण गायकाचा कोमल गंधार हळूहळू वर सरकतो. प्रथम एखाद्या जागेपुरता, मग कायमचा. पुढच्या पिढीला ती चाल तशीच होती असे वाटते.

यावर काही अभ्यासक असे म्हणतील, की लोकसंगीत हे बदलणारच. ब्लूजमध्येही स्वरसंघ आले आणि त्यातून नवे सौंदर्य निर्माण झाले. हा आक्षेप विचारार्ह आहे. पण ब्लूजमध्ये गायकाने आपला गंधार सोडला नाही, हे वर पाहिलेच. तेथे स्वरसंघ आले आणि गळाही टिकला, म्हणून ताण राहिला व त्यातून कला जन्मली. जेथे गळाच स्वरसंघापुढे नमतो, तेथे भेट न होता केवळ विलोपन होते. महाराष्ट्रातील अलीकडच्या प्रयोगांतही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. वारकरी अभंग गिटार, बास व ड्रम यांच्या साथीने गाणारे 'अभंग रिपोस्ट'सारखे मुंबईचे गट पुढे आले आहेत; अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून संगीत मुद्रित केले. अशा रचना ऐकताना विद्यार्थ्याने साथ किती भव्य आहे हे न विचारता, चालीच्या न्यासस्वरांना तिने वाव ठेवला की नाही, हे पाहावे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून गीत रचणाऱ्यासाठी आणि संशोधकासाठी काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की चाल देशी असेल तेथे मुंबईच्या संयोजकांचा क्रम पाळावा : चाल आधी, स्वरसंघ नंतर. दुसरा, चालीचे न्यासस्वर प्रथम निश्चित करावेत आणि संघ तेथेच बदलावेत. मधल्या स्वरांच्या पाठीमागे धावू नये. तिसरा, संघातील प्रत्येक स्वर चालीला मान्य आहे की नाही हे तपासावे. वर्ज्य स्वर संघाच्या पोटातून आत शिरू देऊ नये. चौथा, जेथे गंधाराविषयी शंका असेल तेथे गंधाररहित संघ वापरावा. त्यात रॉकचे बळही आहे आणि तुणतुण्याचा विनयही.

संशोधकाचे कर्तव्य याहून निकडीचे आहे. भंडारा व शेजारच्या जिल्ह्यांतील दंडारीच्या व खडी गंमतीच्या चाली मुद्रित करताना त्या प्रथम केवळ तुणतुणे, टाळ व ढोलकी यांच्या साथीने, वडीलधाऱ्या गायकांच्या कंठातून घ्याव्यात; स्वरलेखनात गंधार व निषाद यांची प्रत्यक्ष स्थाने नोंदवावीत; आणि सिंथेसायझरच्या साथीचे मुद्रण स्वतंत्र ठेवावे, म्हणजे दोहोंची तुलना करता येईल. त्या मूळ मुद्रणावर उद्या एखादा साकोलीचा वा तुमसरचा तरुण गिटार घेऊन रॉक गीत बांधू लागला, तर त्याला कोणता स्वरसंघ निवडावयाचा याचे स्वातंत्र्य राहील. मूळ चालच हाती नसेल, तर निवड करण्यासारखे त्याच्यापुढे काही उरणार नाही.